रोही कोणाचा?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विषयपत्रिकेवर कापसाच्या भावानंतर आणि विजेच्या आधी 'जंगल व वन्यप्राणी' असे छापलेले पाहून सकाळी चहाच्या वेळी एका म्हाताऱ्या बाबांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "वाघाचं भाषण वाघवाल्यांना करू द्या. आमाले रोह्याचा बंदोबस्त सांगा." मी म्हटले, बाबा, तेच सांगायला उभा राहणार आहे, पण रोह्यापर्यंत जायचा रस्ता जंगलातूनच जातो, थोडा धीर धरा. ते समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. मी भरकटलो तर तेच मला हटकतील.

आधी एक सांगा. या आठवड्यात ज्यांनी निदान एक रात्र वावरात जागलीत काढली, त्यांनी हात वर करावेत. (बहुतेक सर्व हात वर होतात.) बघा. शहरातल्या माणसाला वाटते, शेतकरी दिवसा काम करतो आणि रात्री झोपतो.

मी शेतकी कॉलेजात चार वर्षे काढली. बोंडअळीची शास्त्रीय नावे पाठ केली, ज्वारीच्या खोडमाशीवर पंधरा मार्कांचे उत्तर लिहिले. रानडुक्कर आमच्या अभ्यासक्रमात नव्हते. पदवी घेऊन घरी आलो त्या वर्षी आमची चार एकर ज्वारी हुरड्यात होती. एका रात्रीत डुकरांनी अर्धी लोळवली. वडिलांनी मला विचारले, "यावर तुमच्या पुस्तकात काय औषध आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मग आम्ही पंचनाम्यासाठी अर्ज केला. कार्यालयाचे नाव घेत नाही. साहेब आले तेव्हा ते वावर मोडून नांगरून झाले होते. त्यांनी विचारले, "नुकसान कुठे आहे?" पुढच्या वर्षी वडिलांनी ज्वारी सोडली आणि सोयाबीन पेरले. या सभेतल्या किती घरांत असेच झाले असेल ते मोजत नाही. हा ज्वारीचा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे मी परत येणार आहे.

रोही कोणाचा, असा प्रश्न मी भाषणाच्या मथळ्यात ठेवला आहे. कायद्याचे उत्तर गमतीचे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमात म्हटले आहे की, शिकार झालेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता. म्हणजे तुमच्या पऱ्हाटीत चरतो आहे तोवर तो कोणाच्याच दावणीचा नाही. तुमच्या धुऱ्यावर मरून पडला की तो सरकारचा, आणि तुम्ही आरोपी. कोणाचा बैल दुसऱ्याच्या वावरात शिरला तर कोंडवाडा आहे, दंड आहे, भांडायला धनी आहे. रोह्याला धनी नाही, म्हणून भांडायला कोणी सापडत नाही.

आता थोडे जंगलाविषयी. शाळेच्या भूगोलात आपण देशाची नैसर्गिक वनस्पती शिकलो ती विसरलो, कारण मास्तरांनी ती नकाशात रंगवायला सांगितली. वावराशी तिचा संबंध सांगितला नाही. कुठल्या जमिनीवर आपोआप काय उगवते हे दोन गोष्टी ठरवतात: पाऊस किती आणि तो जमिनीत किती थांबतो. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर, तिथे सदाहरित रान. आपल्याकडे हजाराच्या आसपास, तोही चार महिन्यांत. म्हणून इथले झाड उन्हाळ्यात पाने टाकून पाणी वाचवते. साग, सालई, मोह, तेंदू, ऐन, धावडा, पळस हे आपले पानगळीचे रान. देशाच्या जंगलाचा सर्वांत मोठा हिस्सा असाच पानगळीचा आहे, केरळच्या चित्रातल्या हिरव्यागार अरण्याचा नव्हे. आणखी पश्चिमेला गेलात, सोलापूर-अहिल्यानगरकडे, पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर, मुरमाड जमीन. तिथे निसर्ग झाडे वाढवतच नाही, तिथे गवत आणि मधूनमधून बोर, हिवर, बाभूळ. पवना, मारवेल, कुसळी. ते गवत हीच तिथली नैसर्गिक वनस्पती. तो माळ उजाड झालेला नाही, तो मुळातच माळ आहे.

हे एवढे बारकाईने का सांगतो? कारण सरकारी दप्तरात माळाला नाव आहे 'पडीक'. इंग्रजांनी ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती पडीक म्हटली, आणि ती नोंद आपण आजवर चालवतो. वन सर्वेक्षणाची व्याख्या बघा: एक हेक्टरपेक्षा जास्त जागेवर वरून दहा टक्क्यांहून अधिक झाडोरा दिसला की ते वनाच्छादन. जमीन कोणाचीही असो, झाड कोणतेही असो. त्या हिशेबात आंब्याची बाग जंगलात मोजली जाते आणि शेकडो एकरांचे गवताळ रान मोजले जात नाही. २०२३ च्या वनस्थिती अहवालात देशाचे वनाच्छादन २१.७६ टक्के आहे. १९५२ च्या वननीतीपासून आपण ३३ टक्क्यांचे उद्दिष्ट सांगत आलो. आता हे वाढवायचे कुठे? तर पडीकावर. मग माळावर खड्डे खणा, गिरिपुष्प लावा, सुबाभूळ लावा. गवत मरते, झाड खुरटते, कागदावर लागवड पूर्ण होते. त्या माळावर चरणारे काळवीट आणि तुमची गाय, दोघांनाही बाहेर पडावे लागते. चित्ता असल्याच मोकळ्या रानाचे जनावर. तो १९५२ साली देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले, आणि २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून आठ चित्ते विमानाने कुनोत आणले. चित्त्याला विमान मिळाले. ज्या माळावर तो धावायचा, त्याला दप्तरात साधे नाव अजून मिळालेले नाही.

(बाबांकडे पाहून) आलो बाबा, रोह्याच्या जवळ आलो.

आपल्याकडचे जंगल गावाच्या हातून कसे गेले? १८६० नंतर रेल्वे आली. रुळाखाली लाकडी पट्ट्या लागत, म्हणून साग हवा होता. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध झाले, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीला भाव आला. एका बाजूने सरकारने वनखाते काढले आणि १८६५, १८७८ आणि शेवटी १९२७ चा कायदा करून जंगलाला कुंपण घातले. दुसऱ्या बाजूने कापसाने गावाची कुरणे नांगराखाली आणली. जनावरांना उरली मधली चिंधी. त्या १९२७ च्या कायद्यात २८ वे कलम आहे, 'ग्रामवन' नावाचे. जंगल गावाच्या ताब्यात देता येते असे ते कलम म्हणते. ते वापरल्याची उदाहरणे शोधावी लागतात. आपले राज्य आल्यावरही जंगल हे महसुलाचे खातेच राहिले. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने शिफारस केली की, उद्योगाला लागणारे लाकूड वाढवा. मिश्र रान कापून एकजात साग लावण्याचे काम वनविकास महामंडळाने केले. सागाचे रान दुरून सुंदर दिसते. पण मी शेतीचा माणूस आहे, मला विचाराल तर ते जनावरांच्या दृष्टीने एकपिकी वावर आहे. सागाचे पान सहसा कोणी खात नाही, खाली गवत धरत नाही, बोर-आवळा-मोह गेलेले. हरणाने आणि रोह्याने खावे काय?

आता ज्वारी. संकरित कापसाच्या आधी आपले पीक म्हणजे ज्वारी, तूर, कापूस, मूग असे मिसळलेले. एकरभर ज्वारीतून माणसाला भाकर मिळायची आणि बैलाला कडबा. ज्या घरी कडब्याची गंजी आहे त्या घरची गाय फेब्रुवारीनंतर रानात जात नव्हती. ज्वारीला भाव नाही, मजूर नाही, वरून पाखरे आणि डुक्कर, ज्वारी गेली. ती गेली तसा कडबा गेला. मग उरलेली गुरे उन्हाळ्यात कुठे? जंगलाच्या काठावर. तिथले गवत आणि पाला त्यांनी संपवला की रानातले जनावर सायंकाळी उतरते ते आपल्या हरभऱ्यात. इकडे नाल्याच्या काठाने वेडी बाभूळ माजली आहे, कुठे ऊस आहे. दिवसभर दडायला जागा, रात्री जेवायला वावर. रोह्याच्या मादीला बहुधा जुळे होते, डुकरीला एका वेतात चार-सहा पिल्ले. त्यांना खाणारा लांडगा माळावरून जवळपास गेला. इंग्रजांनी तर त्याच्यावर बक्षीस लावले होते. मग संख्या वाढणार नाही तर काय होईल? जंगल चांगले झाले म्हणून रोही वाढला, असे मुंबईत सांगतात. माझे मत उलटे आहे. जंगल आणि माळ दोन्ही बिघडले, म्हणून त्याने आपले वावर धरले.

सोलापूरकडच्या माळढोकाची गोष्ट याच्या जोडीला ठेवा. हा मोठा पक्षी माळात आणि ज्वारीच्या वावरात, आपल्यासारख्या कोरडवाहू माणसाच्या शेजारी राहिला. नाकतोडे खायचा, पीक राखायचा. १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले, साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचे. त्यात तालुकेच्या तालुके आले, लोकांची वावरे आली, गावठाणे आली. जमिनीचा व्यवहार अडला, विहिरीची परवानगी अडली. ज्या शेतकऱ्याने तो पक्षी इतकी वर्षे सांभाळला, त्याला तो पक्षी म्हणजे जमिनीवरचा बोजा वाटू लागला. पुढे ते क्षेत्र सव्वाबाराशे चौरस किलोमीटरांच्या आसपास आणले. तोवर कालव्याचे पाणी आले, ज्वारी जाऊन ऊस आला. आज त्या माळावर माळढोक दिसला तर बातमी होते. इतके मोठे अभयारण्य आणि पक्षी नाही. शेतकऱ्याला बाजूला ठेवून केलेल्या संवर्धनाचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

वाघाचे मात्र उलट झाले, ते मान्य केले पाहिजे. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. २००६ च्या मोजणीत देशात १,४११ वाघ होते, २०२२ च्या मोजणीत ३,६८२. महाराष्ट्रात १०३ चे ४४४ झाले. राज्यातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांपैकी पाच विदर्भात, आणि आपला बोर त्यांतला सर्वांत लहान. हे वनखात्याचे यश आहे, त्याबद्दल त्यांना नाव ठेवू नये. पण वाघाला हद्द समजत नाही. २०१९ साली टिपेश्वरमधला एक तरुण वाघ निघाला. गळ्यात पट्टा होता म्हणून त्याचा माग निघाला. विदर्भ-मराठवाडा आणि तेलंगणाच्या सीमेवरून तेराशे किलोमीटरांहून जास्त चालत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोहोचला. बहुतेक वाट रात्रीची, नाल्यांची आणि वावरांची. आपल्यापैकी कोणाच्या तुरीत तो दिवसभर झोपून गेला असेल, कोणाला पत्ताही नसेल. आणि त्याच यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात २०१६ ते २०१८ या काळात तेरा माणसे मेली. त्यांतली किती त्या एका वाघिणीने मारली यावर वाद झाला; ती २ नोव्हेंबर २०१८ ला गोळी घालून मारली गेली. तिच्यासाठी मोठ्या शहरांत मोर्चे निघाले. मला त्या मोर्चांचा राग नाही. पण मेलेल्या तेरा जणांत बहुतेक शेतकरी, गुराखी, मजूर होते. त्यांतल्या एकाचेही नाव मोर्चातल्या फलकावर मी पाहिले नाही.

आता बंदोबस्त. पहिली गोष्ट, जी मला कडक शब्दांत सांगायची आहे: कुंपणात घरची वीज सोडू नका. त्याने डुक्कर मरते, वाघ मरतो, आणि पहाटे शेजाऱ्याचा पोरगाही मरतो. अशा तेराव्याला मी बसलो आहे. ज्याला ऐपत आहे त्याने सौर झटका मशीन लावावे. त्याचा झटका क्षणाचा असतो, जनावर पळते, मरत नाही. पण एका वावराने लावले तर कळप शेजारच्या वावरात जातो. म्हणून शिवाराने मिळून, नाल्याच्या बाजूने सलग लावावे. भुईमूग-हरभऱ्याभोवती करडईच्या चार ओळी दाट पेरा. आपले आजे हेच करत, आणि काटेरी करडईची ओळ आजही अडते. साड्या बांधल्याने आठ दिवस फरक पडतो, मग रोही साडीला ओळखू लागतो.

दुसरी गोष्ट कायद्यातली. रोही आणि रानडुक्कर आता वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. ११ व्या कलमाप्रमाणे, उभ्या पिकाला धोका झाला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी कारणे देऊन मारण्याची परवानगी देऊ शकतो. ६२ व्या कलमाने केंद्र सरकार एखादा प्राणी एखाद्या भागात ठरावीक काळासाठी उपद्रवी ठरवू शकते. २०१५ च्या डिसेंबरात बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि डुक्कर, २०१६ मध्ये उत्तराखंडात डुक्कर असे ठरले होते. आपण ही मागणी करावी का? डुकराबाबत माझे मत हो, मोजणी करून, ठरावीक तालुक्यांपुरती. पण नुसती बंदूक मागू नका. परवाना ज्याच्याकडे आहे असा नेमबाज गावात नसतो, रात्री डुक्कर समजून माणूस मरतो, आणि चारा-पाण्याचा प्रश्न तिथेच राहतो. (सभेतून: "मग करावं काय?")

करावे हे. पीक विम्यात वन्यप्राण्यांचे नुकसान स्थानिक आपत्ती म्हणून धरण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला, २०२६ च्या खरिपापासून. कोणते जिल्हे आणि कोणते प्राणी, हे राज्याने ठरवायचे आहे. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत मोबाइलवर फोटोसह कळवायचे आहे. आपला जिल्हा आणि आपले प्राणी त्या यादीत आहेत की नाहीत, हे आजच्या बैठकीने लेखी विचारावे. प्रत्येक गावात एका पोराने वही ठेवावी: तारीख, गट नंबर, पीक, कोणता प्राणी, किती गुंठे. पंचनाम्याला साहेब उशिरा आले तरी ती वही उशिरा येत नाही.

दुसरे, जंगलाच्या काठची जमीन. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मागता येतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये अठराशे हेक्टरांवर तो मिळवला, आणि २०११ मध्ये आपला बांबू आपल्या वाहतूक पासावर विकला. तुम्ही म्हणाल, ते आदिवासी गाव, दाट जंगल, आपले काय? तर अचलपूर तालुक्यातले पायविहीर पाहून या. मेळघाटाच्या पायथ्याशी, सुमारे १९० हेक्टर उघडे-बोडके रान २०१२ मध्ये त्यांना मिळाले. त्यांनी चराई बांधून घेतली, झाडे राखली, गवत वाढवले, आणि तिथली सीताफळे मुंबईपर्यंत विकली. ज्या रानात चारा आणि पाणी आहे, त्या रानाला गाव आपण होऊन राखते. आपल्या आर्वी-कारंज्याकडचे नंद गवळी आणि त्यांची गवळाऊ गाय आज चराईबंदीने अडली आहे. त्यांच्याइतके गवताचे ज्ञान माझ्या पदवीत नव्हते. राखणीच्या कामात त्यांना घ्या.

तिसरे, धुऱ्यावरचे झाड. आपण सागाचे रोप वावरात उगवले की उपटतो. का? कारण मोठे झाले की तोडायला परवानगी, वाहतुकीला पास, आणि दोन्हीकडे चहापाणी. बांबू हे गवत आहे, हे मी कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकलो. कायदा १९२७ पासून त्याला झाड म्हणत होता. २०१७ मध्ये ते दुरुस्त झाले, नव्वद वर्षे लागली. ज्याने झाड लावले त्याला ते तोडून विकता येत असेल, तर तो दहा झाडे लावील. देशाचे ३३ टक्के भरायला माळावर खड्डे खणण्यापेक्षा हा सोपा रस्ता आहे.

आणि शेवटचे, झुडपी जंगल. मालगुजारीच्या काळापासून आपल्या आणि शेजारच्या पाच जिल्ह्यांत ८६,४०९ हेक्टर जमिनीला सातबाऱ्यावर हा शेरा आहे. कुठे खरेच झुडूप आहे, कुठे गुरचरण, कुठे शाळा बांधून पन्नास वर्षे झाली. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच आहे असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी वाटप झालेल्या जमिनींना मात्र संरक्षण ठेवले. तेव्हा तुमच्या गावच्या कुठल्या गटावर हा शेरा आहे, वाटप कधीचे, आज तिथे चराई होते की घरे, याचा कागद हातात हवा. जेवण झाल्यावर मंडपाच्या मागच्या बाजूला दोन वकील मंडळी आणि मी बसणार आहोत. ज्यांनी सातबारा आणला असेल त्यांनी थांबावे; ज्यांनी आणला नसेल त्यांनी गट नंबर तरी लिहून द्यावा. आणि बाबा, तुम्ही आधी या, तुमच्या शिवाराचा नाला मला नकाशावर दाखवा, म्हणजे झटका मशीन कुठून लावायचे ते ठरवू.